वामनमास्तरांची पाटी

नवा महाराष्ट्र झाला आणि नांदुऱ्यातल्या पाट्या भराभर मराठीत येऊ लागल्या, तेव्हा वामनमास्तरांनी हट्टाने आपल्या अंगणातल्या मोरीच्या भिंतीवर इंग्रजी पाटी ठोकली : 'डू नॉट स्पिट.' मॅट्रिकच्या वर्गात ते सांगत, "साहेबाच्या भाषेत थुंकीचा मान बघा! पोरगं बापासारखं दिसलं तरी थुंकी, 'स्पिटिंग इमेज'; बूट चकाकले तरी थुंकी, 'स्पिट अँड पॉलिश'. एखाद्याला मनातलं बोलायला लावायचं, तर स्पिट इट आउट!"

शेजारचे कारभारी रोज सकाळी त्याच पाटीखाली थुंकत. त्यांना इंग्रजी येत नव्हतं.

शेषरावांना येत होतं. अकोल्याच्या कचेरीतले हे हेडक्लार्क आपल्या मुलासाठी मास्तरांच्या मुलीला, शरयूला, पाहायला आले होते. पोहे झाले, प्रश्न झाले. शेषरावांनी तंबाखूचा विडा तोंडात टाकला, आणि तोंड भरल्यावर मोरीकडे पाहिलं. समोर पाटी. जन्मात त्यांनी लेखी सूचना मोडली नव्हती.

"मग, पसंत ना?" मास्तरांनी विचारलं.

शेषरावांनी तोंड आभाळाकडे केलं. होकारासाठी मान खाली घातली असती, तर धोतर रंगलं असतं.

"उंऽऽ," ते म्हणाले.

"मुलगी सावळी वाटली?"

शेषरावांनी जोरजोरात आडवी मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं.

"बिघडले ना जी मास्तर," बैठकीला येऊन बसलेले कारभारी कुजबुजले. "तोंड पाहा कसं लाल झालं!"

"अहो, मनात असेल ते स्पिट इट आउट!" मास्तर कडाडले.

शेषरावांनी एकवार पाटीकडे पाहिलं. तोंडी हुकमाने लेखी हुकूम रद्द होत नाही, हे त्यांना नोकरीने शिकवलं होतं. ते उठले, वहाणा अडकवल्या आणि तडक बाहेर पडले.

"जा, जा! माझी पोरगी काही वाटेवर पडली नाही!" मास्तरांनी मागून ऐकवलं. कारभारी पाहुण्यांना वळवायला मागे धावले.

ते एकटेच परत आले.

"मास्तर, पाव्हने नालीवर थुकले अन् पयले म्हनाले, पोरगी लाखात एक हाय. हो सांगाले मांघारी येऊन राह्यले होते."

"मग?"

"मंग तुमचं ते 'जा, जा' याद आलं अन् म्हनाले, पोरीले नाव ठेवाले जागा नाही, पन बाप लय तापट हाय. गेले टेसनावर."

आत मास्तरांच्या पत्नी विमलबाईंनी तोंड गोड करायला काढलेली साखर डब्यात परत ओतली. शरयूने पाहुण्यांच्या कपबश्या उचलल्या. वडिलांकडे तिने पाहिलंही नाही.

संध्याकाळी मास्तरांनी स्वतःच्या हाताने पाटी उपटली.

सकाळी कारभारी गाल फुगवून आले आणि रिकाम्या भिंतीपुढे घुटमळले. मग गल्लीत जाऊन तोंड मोकळं करून आले.

"मास्तर, पाटी काऊन काढली? मले वाटे, थुकाची जागा हाय म्हनूनच लावली. पाटी हाय तं सोय हाय!"

 'स्पिट इट आउट' शिकवणाऱ्या वामनमास्तरांनी आवंढा गिळला.