आबांचा न चाखलेला रोहू

आमचे घरमालक आबा दर रविवारी रोहू मासा शिजवतात, आणि आयुष्यात त्यांनी माशाचा एक घास तोंडात घातलेला नाही. अंडंसुद्धा नाही. मीठ बघायचं म्हणजे ते पळीभर रस्सा नाकाशी नेतात, डोळे मिटून हुंगतात, मान हलवतात आणि पळी परत ठेवून देतात. मग जिन्याखालून हाक येते, "पत्रकबाई, खाले ये. मीठ देखाले."

पत्रकबाई म्हणजे मी. पाचोऱ्याहून जळगावला आले, आबांच्या माडीवरची खोली घेतली आणि आमच्या संघटनेची पत्रकं लिहायला बसले. नळाला पाणी का नाही, रेशनचा तांदूळ कुठे गेला, शाळेतल्या पोरांना अंडं का मिळत नाही. मला राग लवकर येतो आणि तो टिकतोही. घर बघायला आले तेव्हा आबांनी विचारलं होतं, "काय काम करतीस?" मी म्हणाले, "भांडते." ते म्हणाले, "मंग वरली खोली ले. खाले आवाज येवाव नही."

आबा मूळचे पारोळ्याकडचे. तीसेक वर्षं एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते, म्हणजे खिडकीत बसून कर्ण्यावरून गाड्या पुकारणारे. त्यामुळे त्यांच्या भाषा दोन. घरात बोलायची अहिराणी, आणि महत्त्वाचं काही सांगायचं झालं की कर्ण्यावरची शुद्ध मराठी. "प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी, रोहू तेलात सुटत आहे," असं ते खरंच म्हणतात, आणि मग सोडतात. तिखटाचं मापही स्टँडवरचंच. "सांग, तिखट कसं शे? साधी, निमआराम का रातराणी?" मी प्रामाणिकपणे सांगते. रातराणी म्हटलं की त्यांना मनातून बरं वाटतं, पण चेहरा पाडतात, कारण बंगाली झोल रातराणी असून चालत नाही.

झोल म्हणजे बंगाल्यांचा माशाचा पातळ रस्सा. हळद-मीठ लावून तळलेला मासा, बटाट्याच्या लांब फोडी, कलौंजी, हिरवी मिरची, आणि पाणी. हे सगळं आबांनी सुनेसाठी शिकायला घेतलं. त्यांचा एकुलता संदीप पुण्याला नोकरीला आहे. तिथेच त्याने मिताली नावाच्या बंगाली मुलीशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. लग्नानंतर दोघं एकदा इथे येऊन गेली, त्याला दोन वर्षं झाली. सून पुन्हा या घरात येईल तेव्हा तिच्या ताटात तिच्या माहेरासारखा झोल पडला पाहिजे, एवढं एकच आबांनी धरलेलं. का, ते सांगत नव्हते. मी विचारलं की म्हणायचे, "तुना पत्रकात छापाले पाहिजे का?"

पहिला मासा आला तो उन्हाळ्यात, गिरणा धरणाचा. आबांनी तो पिशवीतून काढला नाही, पिशवीच ओट्यावर ठेवली आणि तिच्याकडे बघत बसले. शेवटी पिशवीला म्हणाले, "डोया उघडा शेत त्याना." त्या दिवशी मासा मी धुतला. दुसऱ्या रविवारी तळणीत पहिला तुकडा पडला, मोहरीचं तेल ताडकन उडालं आणि आबा थेट अंगणात. तिसऱ्या रविवारी मी खाली आले तर स्वयंपाकघरात एसटीचा खाकी रेनकोट घातलेला माणूस उभा. गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या, डोक्याला रुमाल, डोळ्यांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळालेला काळा चष्मा, आणि उलथण्याला सुतळीने बांधलेली वेताची काठी. मे महिना. बाहेर कुत्री सावली सोडत नव्हती. मी हसले. ते म्हणाले, "हासू नको. बटाटा चीर."

खरी अडचण वेगळीच होती. आम्ही दोघं खान्देशी. रस्सा म्हणजे काय ते आमच्या हाडात आहे: घट्ट, काळा, वर तर्री. आबा हुंगून सांगायचे बरोबर शे, मी खाऊन सांगायचे छान आहे, आणि दोघांनाही झोल कसा लागतो हे माहीत नव्हतं. असे पाच-सहा रविवार गेल्यावर मीच म्हटलं, हे म्हणजे आंधळ्याने बहिऱ्याला वाट विचारणं आहे, कोणीतरी बंगाली गाठा.

सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत सोन्याचं काम करणारे बंगाली कारागीर राहतात. एका खोलीत आठ-दहा जण, दिवसभर बारीक नळीने फुंकर मारत बसलेले. हे लोक इथले दागिने घडवतात आणि त्यांना भाड्याने घर द्यायची वेळ आली की गावाला लगेच मासळीचा वास येतो. यावर मी एकदा पत्रक काढलेलं असल्यामुळे माझी तिथे ओळख होती. त्यांच्यातले सगळ्यात वडीलधारे तपनदा आबांचं पातेलं बघायला आले. पळी घातली, ती रश्श्यात उभी राहिली. तपनदांनी पळीकडे बघितलं, मग आबांकडे.

"आबाजी, ये झोल है? इससे तो दीवार बनेगी."

"शेंगदाण्याचा कूट टाकेल शे," आबा म्हणाले. "थोडासाच."

"क्यों?"

आबांना प्रश्नच कळला नाही. रश्श्यात कूट का, हे त्यांना जन्मात कोणी विचारलं नव्हतं. "पाव्हण्याले पातळ रस्सा वाढणार? आमच्यात त्याले अपमान म्हणतात, दादा."

"आमच्यात गाढा दिया तो अपमान," तपनदा म्हणाले आणि रेनकोटची बाही धरून त्यांनी आबांना शेगडीपासून बाजूला केलं.

तिथून शिकवणी लागली. दर रविवारी तपनदा यायचे, ओट्यापाशी स्टुलावर बसायचे आणि एकच शब्द म्हणायचे, "पतला." आबा वाटीभर पाणी घालायचे आणि कुणाच्या तरी मयताला आल्यासारखे उभे राहायचे. "और पतला." आबा माझ्याकडे बघायचे. मी मान वळवायचे. लोकशाहीत बहुमत कधी कधी चुकतं, आणि त्या स्वयंपाकघरात आम्ही दोघं बहुमतात होतो.

तपनदांनी आणखी एक गोष्ट शिकवली. आबा माशाचं डोकं मांजराला टाकायला निघाले होते, तपनदांनी हात धरला. "मूड़ा फेंकते नहीं. मूड़ा उसकी थाली में देते हैं जो घर में सबसे प्यारा हो." आबांनी त्या डोक्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं, काळा चष्मा काढून.

गल्लीला वास जाणारच होता. समोरच्या विमलअक्का एका रविवारी पदर नाकाला लावून फाटकात उभ्या राहिल्या. "आबा, वहिनी असत्या तर या घरात मासा आला असता का?"

"ती असती तर मी कशाले चुलीपाशी उभा राह्यतू?" आबा रेनकोटातून म्हणाले.

"लोक काय म्हणतील?"

"तुम्ही म्हणीच राह्यन्या ना. लोके आनखी काय म्हणतीन?"

माझं डोकं फिरलं. मला सांगा, दुसऱ्याच्या पातेल्यात काय शिजतं ते हुंगायचा अधिकार विमलअक्कांना कोणी दिला? त्यांच्या लसणाच्या फोडणीने माझे डोळे झोंबतात तेव्हा मी नाकाला पदर लावत नाही. मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं, मथळा दिला, "आमच्या ताटात डोकावणारे तुम्ही कोण?" आत आबांचं उदाहरण, नावासकट. छापून आणलं आणि गठ्ठा आबांसमोर ठेवला. त्यांनी एक प्रत उचलली, चष्मा बदलला, शेवटपर्यंत वाचली. एक ऱ्हस्व वेलांटी दीर्घ केली.

"पत्रक चांगलं शे," म्हणाले. "कागद जाड शे. काटा ठेवाले बरा."

"आबा, हा हक्काचा प्रश्न आहे."

"व्हई. पन मनं नाव काढ. माले लढा करना नही शे, माले मासा शिजाडना शे."

गठ्ठा ओट्याखाली गेला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पुढच्या रविवारी विमलअक्कांच्या घरी आबांनी वाटीभर बटाटे पाठवले, झोलातले, मासा न घालता वेगळे शिजवलेले. वाटी धुऊन परत आली. अक्का फाटकात पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. जे माझ्या दोनशे पत्रकांनी झालं नसतं ते चार बटाट्यांनी केलं, आणि याचा मला अजूनही थोडा राग आहे.

कोजागिरी झाली आणि संदीपचा फोन आला. रविवारी सकाळी येतो, संध्याकाळच्या गाडीने परत. तेवढीच सुट्टी आहे. आबांनी फोन ठेवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभे राहिले. "अकराले येतीन. सहाले निघतीन. सात तास."

त्याआधीच्या रविवारी तपनदांनी झोल पास केला होता. पळीतून धार धरली, धारेतून पलीकडची खिडकी दिसली, तेव्हा म्हणाले, "अब ठीक." ठरलेल्या दिवशी आबांनी तसाच केला. मी चाखला. पिवळसर, हलका, मोहरीच्या तेलाचा वास नाकात चढणारा. आता मलाही कळत होतं की हाच झोल. आबांनी रेनकोट काढला, पांढरा सदरा घातला, केस विंचरले.

अकराला दारात रिक्षा थांबली. मी खिडकीतून बघितलं, संदीप पिशव्या काढत होता, मिताली पायातून चपला काढत होती. मागे डबा उघडल्याचा आवाज आला. मी वळले. आबांनी दोन मुठी शेंगदाण्याचा कूट आणि चमचाभर काळा मसाला पातेल्यात टाकला होता आणि ते घाईघाईने ढवळत होते.

"आबा, काय केलंत हे?"

"पाव्हनी दारात उभी शे अन् ताटमा पाणी वाढू? नही जमनं माले."

सहा महिन्यांचे रविवार पातेल्यात गेले.

जेवायला बसल्यावर आबांनी वाढायला कोणाला हात लावू दिला नाही. संदीपच्या ताटात तुकडे. मितालीच्या ताटात डोकं, डोळे घट्ट मिटून वाढलेलं, त्यामुळे थोडा रस्सा तिच्या ओढणीवर. ती त्या डोक्याकडे बघत राहिली. मग तिने वर बघितलं.

"हे मला द्यायचं, असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगनं एक जणनी," आबा म्हणाले. "खाय."

तिने भाताबरोबर एक घास घेतला. चावला. आबा भिंतीला टेकून उभे. ती म्हणाली, "आबा, हा झोल नाही."

"माहीत शे."

"काय आहे हे?"

मीच म्हटलं, "अर्धा बंगाल, अर्धा पारोळा."

मितालीने आणखी एक घास घेतला, मग विचारलं, "भाकरी आहे का? हे भाकरीबरोबर चांगलं लागेल." ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती. तिने ती कुस्करली, वर रस्सा ओतून घेतला आणि खाली मान घालून जेवू लागली. बंगाली मुलगी काला मोडून खातेय, हे बघून संदीपला ठसका लागला.

आबा खाकरले. कर्ण्यासमोर उभे राहावं तसे ताठ झाले. "दोन वर्षांपूर्वी याच जागी सूनबाईंनी विचारलं होतं, इथे मासे मिळतात का. त्यावर, या घरात नाही, असं उत्तर देण्यात आलं होतं. सदर सूचना रद्द समजावी. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

मला तेव्हा कळलं, उन्हाळ्यापासून त्या रेनकोटात आबा कशापायी घामाघूम होत होते.

"असं म्हणाला होतात तुम्ही?" मितालीने विचारलं. "मला तर आठवतही नाही. मी आपलं बोलायला काहीतरी हवं म्हणून विचारलं असेल."

"मंग येत काब्र नव्हतात?"

संदीपने पाण्याचा पेला खाली ठेवला. "तुम्ही कधी या म्हणालात, आबा? दोन वर्षांत एकदा? हिला वाटायचं, तुम्हाला आम्ही नकोच आहोत."

"मी बोलावू कसा?" आबा म्हणाले. "झोल पातळ व्हईना."

मिताली हसायला लागली. हसताना तिने डोळे मनगटाने पुसले, कारण बोटं खरकटी होती. आबा तिच्याकडे बघायचं टाळत पातेल्यात पळी फिरवत राहिले. पाचाला संदीपने पिशव्या भरायला घेतल्या. ती म्हणाली, आजची गाडी नको, उद्या दुपारची बघ, मी ऑफिसला कळवते. संदीपने पिशवीची चेन पुन्हा उघडली.

आबा परसात गेले. टाकीतलं पाणी घेऊन त्यांनी तोंड धुतलं. मग आत आले आणि उंबऱ्यातूनच, कर्ण्याचा नव्हे तर घरातला आवाज काढून त्यांनी विचारलं, "सकायले काय खाशी, पोरी?"

तिला अहिराणी येत नाही. तरी तिला ते कळलं.

"मासे सोडून काहीही चालेल, आबा."