निम्मं सरकार, निम्मे अण्णा

आमच्या सोलापुरात माणूस भेटला की 'जेवण झालं का?' असं विचारायची पद्धत आहे. सिद्रामअण्णा विचारतात, 'उरलं किती?'

हा प्रश्न ते कोणालाही विचारतात. फाटकावरच्या वॉचमनला, बँकेतल्या कॅशियरला, एकदा तर सुतकात भेटायला गेले तिथेही. मी डबा विसरलो म्हणून माझी बायको एकदा कारखान्यात आली होती. अण्णांनी तिला पहिल्यांदाच पाहिलं, हात जोडले आणि म्हणाले, "वैनी, काल तुमच्यात उरलं किती?" तिचा चेहरा बघून मी ताबडतोब मध्ये पडलो. संध्याकाळी घरी गेल्यावर तिने विचारलं, "तुमच्याकडे माणसं बघून घेत नाहीत का?"

घेतात. अण्णांकडे तर बॉयलर चालवायचं सरकारी सर्टिफिकेट आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. मी तिथे हजेरी, स्टोअर आणि साफसफाई बघतो, अण्णा बॉयलर बघतात. सूत रंगवायचं तर वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो आणि बॉयलरला लाकूड. तीस वर्षं लाकूड घालून घालून अण्णांच्या भुवया झळेने उडाल्या आहेत, त्यामुळे ते रागावलेत की नाही हे चेहऱ्यावरून कळत नाही. मिशी मात्र शाबूत आहे. गाव कर्नाटकाच्या हद्दीला चिकटून, घरची भाषा कानडी, त्यामुळे त्यांच्या मराठीत दर दोन वाक्यांनी एक 'अय्यो' येतो.

हे उरलंसुरलं विचारायचं वेड त्यांना लागलं ते एका कागदामुळे. सरकारची योजना निघाली होती. ओल्या कचऱ्यापासून गॅस करा, तो कारखान्यात जाळा, निम्मा खर्च सरकार देईल आणि निम्मा कारखानदारांनी उभा करायचा. तो कागद मालकांच्या टेबलावर चहाच्या कपाखाली महिनाभर पडून होता. कपाचं गोल बूड त्यावर उमटलेलं. अण्णांनी तो मागून आणला आणि माझ्यापुढे धरला. "गायकवाड, वाचा."

मी वाचला. म्हणाले, "परत वाचा." असा मी तो कागद तीन दिवसांत इतक्यांदा वाचला की मला तो पाठ झाला. शेवटी अण्णा म्हणाले, "म्हंजे निम्मं सरकार, निम्मं आपण. वाईट काय हाय ह्यात? लग्नात बी असंच असतंय की."

तेव्हापासून जगातला प्रत्येक प्रश्न अण्णा निम्मा निम्मा करूनच सोडवू लागले. मागावरचे दोन कामगार भांडले तर अण्णा मधे उभे. "चूक निम्मी तुजी, निम्मी ह्याची. जावा कामाला." चहा तर ते कधी पूर्ण घेतच नाहीत. मला एकदा ताप आला होता तर म्हणाले, "गोळी तुमी घ्या, झोप बी तुमीच घ्या, काम निम्मं मी करतो." आणि केलंही. त्या दिवशीच्या हजेरीत सगळी माणसं हजर लागली, त्यात दोन नोकरी सोडून गेलेली होती.

आता एकट्या आमच्या कारखान्याला ही योजना झेपणारी नव्हती. शेजारच्या चार कारखानदारांच्या सह्या हव्या होत्या. मालक म्हणाले, "अण्णा, कोण सही करणार नाही. वेळ घालवू नका." अण्णांना नाही म्हटलेलं ऐकूच येत नाही. पाळी संपली की ते एकेका कारखानदाराच्या ऑफिसात जाऊन बसायचे. बोलायचे नाहीत, फक्त बसायचे. शेठ फोनवर बोलतोय, अण्णा बसलेत. शेठ व्यापाऱ्याला नमुने दाखवतोय, अण्णा बसलेत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेठच विचारायचा, "अण्णा, काय पाहिजे तुम्हाला?" एकाने वासाची तक्रार काढली. अण्णा म्हणाले, "आता तुमच्या धुराड्यातनं काय अत्तर येतंय व्हय?" त्याने सही केली. चौथ्याने तर अण्णा दारात दिसताच पेन काढलं.

सरकारची अट अशी की आधी लहान टाकी बसवून दाखवा. त्या गॅसवर बॉयलर चालतोय हे समितीने येऊन डोळ्यांनी बघितलं, तरच सरकारचा निम्मा वाटा मिळणार. टाकी अशी काही अवघड नव्हती. बाहेर एक हौद, त्यात शिळंपाकं आणि भाजीपाला पाण्यात कालवायचा, तो काला बंद टाकीत सोडायचा, तो आत कुजतो, गॅस वर येतो आणि पाइपने बॉयलरकडे जातो. किती गॅस आला ते रोज रजिस्टरमध्ये लिहायचं.

अण्णांच्या लेखी मात्र ती टाकी नव्हती, पोट होतं. सकाळी आल्याआल्या ते टाकीला कान लावायचे. आतून गुडगुड आली की मिशीतून हसायचे. "पचतंय." सुरुवातीला मार्केट यार्डातून सडका कांदा मिळाला, भरपूर आणि फुकट. अण्णांनी हौसेने दोन दिवस नुसता कांदाच घातला आणि टाकीचं पोट आंबलं. तेव्हापासून कांदा चवीपुरता. मंगल कार्यालयातला भात, खानावळीतल्या पोळ्या, आसपासच्या घरांतला भाजीपाला, थोडं शेण, असा त्यांनी तिचा आहार बसवला. थंडी पडली तसा गॅस कमी झाला, तर आमच्याच बाजूच्या कारखान्यातल्या डाग पडलेल्या सोलापुरी चादरी आणून टाकीला गुंडाळल्या. मोराची नक्षी बाहेरून. मालक वैतागले, "अण्णा, माणसाला थंडी वाजते, टाकीला कशी वाजेल?" अण्णा म्हणाले, "तुमी हात लावून बघा की." मालकांनी हात लावला आणि तो चोळत आत गेले.

आणि मग समितीचं पत्र आलं. पंधरा दिवसांनी पाहणी.

यापुढचं लिहायला मला जड जातं, पण लिहितो.

मी बावीस वर्षं साफसफाई बघतोय. साहेब येणार म्हटलं की काय करायचं हे मला कुणी सांगावं लागत नाही. रस्त्याच्या दोन्ही कडांना चुन्याच्या रेघा, झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि जिथे म्हणून वास येतो तिथे फिनेल. संडासात फिनेल, कॅन्टीनमागे फिनेल. कारखान्यात सगळ्यात जास्त वास कुठे येत होता? कचरा कालवायच्या हौदाला. अण्णा त्या दिवशी भावाच्या नातवाच्या बारशाला गावी गेले होते. मी स्वतः उभं राहून दोन कॅन फिनेल त्या हौदात ओतलं आणि खराट्याने घासून घेतलं. वास गेला. मला माझंच कौतुक वाटलं. संध्याकाळच्या पाळीच्या माणसाने रोजच्याप्रमाणे त्याच हौदात कचरा कालवला आणि टाकीत सोडला.

तीन दिवसांत गॅस बसला. बॉयलरची निळी ज्योत आधी पिवळी झाली, मग फडफडली आणि विझली. अण्णांनी टाकीला कान लावला. बराच वेळ लावला. मग हौदाकडे गेले, वाकून वास घेतला, तळाशी बोट फिरवून परत वास घेतला.

"फिनेल," ते म्हणाले.

मी म्हणालो, "मी टाकलं. साहेब येणार म्हणून." संडासातले जंतू मरतात, मग टाकीत कचरा पचवणारे जंतूही मरतील, एवढी साधी गोष्ट मला बावीस वर्षांत सुचली नव्हती. अण्णा ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"अय्यो गायकवाड," ते हळूच म्हणाले. "पोटच मारलंत की तिचं." मग टाकीवरची घसरलेली चादर त्यांनी वर ओढली आणि विचारलं, "दिवस किती हायत?"

"अकरा."

"हुतंय. शर्ट काढून ठेवा."

पुढचे अकरा दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. निम्म्याहून जास्त टाकी आम्ही बादल्यांनी उपसली. अण्णा म्हणाले, दूध आहे पण विरजण मेलंय, विरजण आणायला पाहिजे. त्यांच्या गावात एकाकडे जुना गोबरगॅस अजून चालू होता. त्याच्याकडून चार पिंपं शेणाचं जितंजागतं रेंदाड टेम्पोत घालून आणलं. येताना पिंपं हिंदकळू नयेत म्हणून अण्णा मागे ती धरून बसले होते. वळसंगच्या पुढे रस्ता खराब आहे. ड्रायव्हरने एक खड्डा चुकवला नाही तर अण्णांनी त्याला कानडीत असं काही ऐकवलं की त्याने पुढे चाळीसच्या वर गाडी नेली नाही.

मग टाकीचं पथ्य सुरू झालं. पहिले दोन दिवस नुसतं शेणाचं पाणी. तिसऱ्या दिवशी मूठभर भाताची पेज. मी म्हणालो, "अण्णा, जरा जास्त घालू या, दिवस कमी आहेत." ते म्हणाले, "आजारातनं उठलेल्याला कुणी पुरणपोळी घालतंय का?" मी परत शेण कालवायला लागलो. हात सोलले, अंगाचा वास जाईना, घरात मला वेगळ्या साबणाने आंघोळ करायचा हुकूम झाला. का एवढं करताय, असं बायकोने विचारलं तेव्हा मी म्हणालो, कामाचा लोड आहे. खरं सांगायची हिंमत झाली नाही. सहाव्या दिवशी टाकी गप्प. सातव्या दिवशी गप्प. गॅस का बसला हे मालकांना आम्ही सांगितलं नव्हतं; त्यांनी पाहणी पुढे ढकलायचं पत्र लिहायला घेतलं. अण्णांनी त्यांच्यासमोरून तो कागद उचलला आणि म्हणाले, "उद्या बघू." आठव्याही दिवशी ते 'उद्या बघू' म्हणाले. नवव्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली आणि माझं डोकं धरून टाकीला टेकवलं. आत, अगदी खोल, एकच गुडगुड झाली. थोड्या वेळाने आणखी एक.

पाहणीच्या दिवशी बॉयलरखाली ज्योत निळी होती. समितीच्या प्रमुख एक मॅडम होत्या. त्यांनी ज्योत पाहिली, चादरींवरचे मोर पाहिले, आणि रजिस्टर उघडलं. ओळीने बरेच दिवस शून्य. त्यांनी चष्मा वर केला. "हे काय? इथे गॅस का बंद होता?"

मालक आम्हा दोघांकडे बघू लागले. मी तोंड उघडलं, आणि खरं सांगायचं तर ते उघडायला मी फार वेळ लावला.

"फिनेल पडलं," अण्णा म्हणाले. "माज्या हातनं."

"तुमच्या? तीस वर्षं बॉयलर सांभाळताय ना?"

"व्हय. पन साहेब येणार म्हणलं की हात आपोआप फिनेलकडं जातोय."

मॅडम हसल्या. मग रजिस्टर पुढे ढकलून म्हणाल्या, "बंद पडणारच नाही असं लिहून देणारे मला रोज भेटतात. तुम्ही पुन्हा सुरू कसं केलं, ते मला सविस्तर लिहून द्या. माझ्या अहवालात तेच जाईल." मंजुरीची शिफारस त्यांनी तिथेच केली. मालकांनी पेढे वाटले आणि पेढे वाटून झाल्यावर अण्णांच्या हातात निष्काळजीपणाचा मेमो ठेवला. तीस वर्षांतला पहिला. अण्णांनी त्याची घडी घातली आणि खिशात टाकली.

मी मालकांच्या केबिनकडे निघालो तर अण्णांनी माझा दंड धरला. "कुटं निघालात?"

"खरं सांगायला. अण्णा, तुम्ही का घेतलंत अंगावर?"

ते जरा अवघडले. मिशीवरून हात फिरवला. "त्यात काय हाय गायकवाड. तुमी घरी जाणार. वैनी इचारणार, आज काय झालं. पोरगी इचारणार. मग जेवताना मान खाली घालून सांगाय लागणार. माजं तसं न्हाय. बायको जाऊन लई वर्सं झाली, लेक तिकडं कर्नाटकात इंडीला दिलेली. मी खोलीवर जातो, भात टाकतो. मला कोण इचारत न्हाय काय झालं म्हणून."

हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. वाफेचं प्रेशर सांगावं तसं सांगितलं. बावीस वर्षं मी या माणसाशेजारी काम केलं होतं आणि एकदाही त्यांना घरी बोलावलं नव्हतं. मला माझी इतकी लाज फिनेल टाकल्यावरही वाटली नव्हती.

त्या संध्याकाळी मी त्यांना ऐकून न घेता मोटारसायकलवर बसवलं आणि घरी आणलं. बायकोने भाकरी थापल्या, शेंगाची चटणी वाढली. अण्णा पाटावर अंग चोरून बसले होते. बायको भाकरी वाढता वाढता म्हणाली, "काय झालं हो आज तिकडं? हे तर काही सांगतच नाहीत."

अण्णांचा हात ताटात थांबला. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि सांगू लागले. समिती कशी आली, मॅडमनी चष्मा कसा वर केला, ज्योत कशी निळी होती. मधल्या दिवसांचं आलं तेव्हा म्हणाले, "मधी जरा पोट बिघडलं होतं तिचं," आणि पुढे गेले.

"फिनेल मी टाकलं होतं," मी म्हणालो. "मेमो यांनी घेतला."

बायको माझ्याकडे वळली. "उद्या सकाळी आधी मालकांकडे जायचं," ती म्हणाली. "चहाच्याही आधी." मग तिने अण्णांच्या ताटात आणखी एक भाकरी घातली आणि त्यांच्यासमोर खाली बसली.

"हं, अण्णा. आता नीट सांगा, पहिल्यापासून. टाकी बंद पडली, मग?"

अण्णांनी भाकरी मोडली, हातातच धरून ठेवली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.