बेचाळीस प्रश्नांची भिंत

कुठल्याही माणसाकडे पाच मिनिटं बघितलं, की त्याला काय येत नाही ते मी बिनचूक सांगतो. ही बढाई नाही, हा माझा पेशाच आहे! बांधकामावरच्या कामगारांना कसलं प्रशिक्षण द्यायला हवं, हे शोधून काढणाऱ्या संस्थेत मी पाहणी अधिकारी आहे. निदान त्या महिनाअखेरपर्यंत तरी होतो. नोकरी कराराची. अहवाल चांगला झाला तर करार वाढणार, नाही झाला तर हात हलवत घरी!

"पाच मिनिटांत?" डबा भरता भरता बायको म्हणाली. "बारा वर्षं झाली लग्नाला. मला काय येत नाही, सांगा बघू."

बारा वर्षं मी काही झोपा काढलेल्या नाहीत. "तुला ना? तुला सगळं येतं!" असं म्हणून मी डबा उचलला आणि सटकलो.

माझ्याकडे बेचाळीस प्रश्नांचा फॉर्म होता. सगळे प्रश्न मी स्वतः काढलेले! 'ओळंबा लावता येतो का? नसल्यास का येत नाही? का येत नाही हे माहीत नसल्यास कधीपासून माहीत नाही?' असे एकाहून एक खोल प्रश्न. एका तिमजली इमारतीचं काम चालू होतं, तिथे मला तीन दिवस दिले होते. तिसऱ्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी चार वाजता, आमच्या मॅडम स्वतः अहवाल बघायला येणार होत्या.

मुकादमानं मला तळमजल्यावरची सामानाची खोली बसायला दिली. एक टेबल, एक खुर्ची, गज लावलेली एक लहानशी खिडकी आणि एक बुटकं दार. त्या दाराची चौकट मला आत जाताना एकदा लागायची आणि बाहेर येताना एकदा. तीन दिवसांत माझ्या कपाळाला तिची सवय झाली होती.

बुधवारी सात गवंडी एकेक करून आत आले. पहिले होते म्हातारे मिस्त्री. पाठ कोयत्यासारखी वाकलेली, पण त्यांनी बांधलेली भिंत बघावी तर सुतात सरळ.

"मिस्त्री, बांधकामातलं तुम्हाला काय येत नाही?"

"सगळं येतं."

"प्लॅस्टर?"

"येतं."

"फरशी?"

"येतं."

"नकाशा वाचता येतो?"

"पाठ आहे!"

"कुठला नकाशा पाठ आहे?"

"तुम्ही सांगाल तो!"

सातही जणांनी हेच सांगितलं. संध्याकाळी बेरीज केली तर प्रशिक्षणाची गरज शून्य! ज्यांना सगळंच येतं त्यांना शिकवायचं काय? आणि शिकवायचंच नसेल तर पाहणी अधिकारी हवाय कशाला?

मी कपाळाला हात लावला. (तिथे टेंगूळ होतं.) म्हातारे मिस्त्री जाता जाता खिडकीशी थांबले. म्हणाले, "साहेब, रोजावरचा माणूस 'येत नाही' म्हणाला, तर उद्या त्याला कामावर बोलावतं कोण?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी सकाळी बायकोला ज्या कारणासाठी 'तुला सगळं येतं' म्हणालो होतो, त्याच कारणासाठी हे सगळे बोलत होते. डबा चालू राहिला पाहिजे!

गुरुवारी मी हुशारी केली. सगळ्यांना एकत्र बोलावलं आणि जाहीर केलं, "ज्यांना येत नाही त्यांचा काही तोटा नाही! त्यांना दुपारी सावलीत, पंख्याखाली बसवून शिकवणार. रोज बुडणार नाही. वर चहा!"

चहा म्हटल्यावर चमत्कार झाला. बघता बघता सगळ्यांची विद्या उडाली!

"मिस्त्री, वीट लावता येते?"

म्हातारे मिस्त्री बराच वेळ विचार करत राहिले. मग मला विचारतात कसे, "वीट म्हणजे ती लाल असते, तीच ना?"

दुसऱ्यानं थापी उलटी धरून दाखवली. तिसरा म्हणाला, "साहेब, मला माझं नावसुद्धा नीट येत नाही, पण पंखा कुठे बसवणार?" संध्याकाळी बेरीज केली तर सगळ्यांना सगळंच शिकवायची गरज! या अहवालावर विश्वास ठेवायचा, तर ती इमारत वाऱ्यानं आपोआप उभी राहिली होती.

त्या रात्री जेवताना बायकोनं विचारलं, "लोकांना काय येत नाही, ते कळलं का?" मी भाजीची स्तुती केली.

शुक्रवारी मी शेवटचा डाव टाकला. प्रात्यक्षिक! बोलणं खोटं असेल, हात खोटं बोलत नाहीत. प्रत्येकानं विटांचे दोन थर लावायचे आणि त्यावर खडूनं आपला नंबर टाकायचा. कोण कुठला नंबर, हे मला कळणार नाही. निःपक्षपाती परीक्षा!

"मी आत पाठ करून बसतो," मी बजावलं. "मला हाक मारायची नाही. मीही वळून बघणार नाही. सगळं पुरं झाल्याशिवाय थांबायचं नाही! कळलं?"

"कळलं साहेब," मुकादम म्हणाला. "मीपण बसतो परीक्षेला, म्हणजे आठजण होतील. पोरांना जरा बघू दे, मुकादम उगाच नाही झालो. बांधायचं कुठे, ते सोडा माझ्यावर!"

"सोडलं!" मी म्हणालो. आयुष्यात मी बऱ्याच गोष्टी बऱ्याच लोकांवर सोडल्या आहेत. इतक्या मनमोकळेपणानं पहिल्यांदाच सोडली.

विटा आणून द्यायला अक्का होती. सगळे तिला अक्काच म्हणायचे. पन्नाशीच्या घरातली, कपाळाला आठी, डोक्यावर विटांचं घमेलं. तिचा फॉर्म मी बुधवारीच भरून टाकला होता. तिच्याशी बोलायची गरजच काय, घमेलं दिसत होतं की! 'काम : ओझी वाहणे. कौशल्य : लागू नाही.' पाच मिनिटंही लागली नाहीत. अर्ध्या मिनिटात एक फॉर्म हातावेगळा!

मी भिंतीकडे तोंड करून बसलो. डबा खाल्ला. बायकोच्या हाताला चव आहे, हे त्या दिवशी मला पुन्हा पटलं. मागे थापीचा टकटक आवाज, माल कालवल्याचा चपचप आवाज, पोट भरलेलं, मनात उद्याच्या कराराचं स्वप्न. म्हटलं, दोन मिनिटं डोळे मिटावेत.

जाग आली तेव्हा खोलीत अंधारून आलं होतं. मला वाटलं, आभाळ आलं असावं. मी उठलो आणि सवयीनं कपाळ सांभाळत, वाकून दारातून बाहेर पडायला गेलो.

कपाळ सांभाळलं. नाक राहिलं!

दार नव्हतं! दाराच्या जागी खालपासून वरपर्यंत भिंत होती! ओली, ताजी, वीटन् वीट बसवलेली!

मी खिडकीचे गज धरून ओरडलो. बाहेर आठही परीक्षार्थी ओळीनं बसले होते.

"अरे, हे काय केलंत?"

"पुरं केलं साहेब!" मुकादम अभिमानानं म्हणाला. "आठ माणसं, दोन-दोन थर. बरोब्बर दार भरलं! नकाशात हे दार बंदच करायचं आहे. म्हटलं, तुमची परीक्षापण होईल आणि आमचं कामपण! नवीन दार पलीकडच्या बाजूनं काढायचं आहे."

"कधी?"

"उद्या सकाळी."

"पण मी आत आहे!"

"ते माहीत आहे की!"

"माहीत आहे? मग हाक नाही मारायची?"

"तुम्हीच म्हणालात, हाक मारायची नाही," म्हातारे मिस्त्री म्हणाले. "आम्हाला वाटलं, हाही परीक्षेचाच भाग आहे."

मी घड्याळ बघितलं. पावणेचार! पंधरा मिनिटांत मॅडम येणार आणि त्यांचा पाहणी अधिकारी त्यांना गजाआड भेटणार!

"पाडा! आत्ताच्या आत्ता पाडा!"

कोणी जागचं हललं नाही.

"साहेब, निकाल लागला नाही अजून," एकजण म्हणाला. "पेपर तपासायच्या आधीच फाडायचा?"

"आणि पाडायचं तर कोणाचं?" दुसऱ्यानं विचारलं. "माझे थर चौथ्या नंबरचे. मी नाही हात लावू देणार!"

म्हातारे मिस्त्री तर उठूनच उभे राहिले. "सरळ भिंत पाडायची नसते साहेब. आमच्यात ते बसत नाही. रात्रभर राहा आत. खिडकीतून चहा देतो!"

गुरुवारी मी दिलेलं चहाचं आश्वासन असं माझ्यावरच उलटलं.

एवढ्यात अक्का पुढे आली. घमेलं खाली ठेवलं आणि एक डोळा मिटून भिंतीकडे बघितलं.

"मिस्त्री, भिंत सरळ असेल तर पाडायची नाही. बरोबर?"

"बरोबर."

"मग ओळंबा लावा."

मिस्त्रींनी वजन बांधलेली दोरी भिंतीलगत सोडली. पहिला नंबर सरळ. दुसरा, तिसरा, चौथा, सगळे सरळ. पाचव्या नंबरच्या थरांशी दोरी भिंतीच्या पोटाला अडली. भिंत तिथून बोटभर पुढे आली होती!

"पाच नंबर कोणाचा?" मिस्त्रींनी विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मुकादम आभाळाकडे बघायला लागला.

"वाकड्यावर चढवलेलं पुढचंही वाकडंच," अक्का म्हणाली. "पाचाच्या वरचं सगळं उतरवायला पाहिजे. माल ओला आहे तोवर उतरवलं तर एक वीट फुटायची नाही."

तिनं मिस्त्रींच्या हातातली थापी घेतली. आठवा, सातवा, सहावा करत तिनं विटा अशा उतरवल्या, की जणू बशीतली बिस्किटं उचलतेय! शेवटी पाचवा उतरला. तोवर चार वाजले होते आणि मॅडम आल्या होत्या. मॅडमना पहिलं दर्शन झालं ते त्यांच्या पाहणी अधिकाऱ्याचं, मांडीएवढ्या भिंतीवर एक पाय इकडे, एक पाय तिकडे, केसांत माल, हातात फॉर्म!

"हे काय चाललं आहे?"

"प्रात्यक्षिक, मॅडम!" मी म्हणालो आणि बाहेर पडताना चौकट कपाळाला लागलीच.

मॅडमनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्या अक्काकडे बघत होत्या. अक्कानं एव्हाना नवा माल घेऊन पाचवा नंबर पुन्हा लावायला सुरुवात केली होती. वीट ठेवायची, थापीनं एक टिचकी, की बसलीच! म्हातारे मिस्त्री ओळंबा धरून मागून बघत होते आणि दोरी कुठेही अडत नव्हती.

"कुठे शिकलात हे?" मॅडमनी विचारलं.

"अकरा वर्षं गवंड्यांच्या हातात विटा देते आहे," अक्का म्हणाली. "दिलेली वीट कुठे बसते, ते बघतेच ना! रोज कामावरून निघायच्या आधी उरलेल्या मालावर हात चालवते. मिस्त्रींना माहीत आहे. पण थापी हातात द्या म्हटलं, की मुकादम म्हणतो, घमेलं कोण उचलणार?"

मॅडमनी माझ्या हातातले फॉर्म घेतले. चाळता चाळता तो एक फॉर्म वर आला. 'कौशल्य : लागू नाही.' खाली माझी झोकदार सही.

मला त्या क्षणी पुन्हा आत जाऊन भिंत पुरी करून घ्यावीशी वाटली. खरं सांगतो, नोकरी जाण्याची भीती नंतर वाटली. आधी लाज वाटली.

"अक्का," मी हळूच म्हणालो, "हे तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं कुठे?"

मॅडमनी एक कोरा फॉर्म काढला. "या साहेबांनाही प्रशिक्षण लागेल असं दिसतंय. बोला अक्का, यांना काय येत नाही?"

बेचाळीस प्रश्न होते. अक्कानं एका शब्दात उत्तर दिलं.

"विचारायला."

अहवाल त्याच संध्याकाळी झाला. मी काढलेल्यांतला सर्वांत लहान आणि पहिलाच खरा! ओळंब्याची गरज : मुकादम. गवंडीकामाचा दाखला आणि गवंड्याचा रोज, तातडीनं : अक्का. बाकीच्या सातांना काय शिकायचंय, ते मी संध्याकाळी त्यांच्याबरोबर जमिनीवर बसून, फॉर्म न काढता विचारलं, तर भराभर सांगायला लागले. नकाशा एकालाही वाचता येत नव्हता. पाठ असलेल्यालासुद्धा! माझा करार सहा महिने वाढला, एका अटीवर. पहिल्या वर्गात माझं नाव पहिलं, आणि शिकवणार म्हातारे मिस्त्री आणि अक्का.

घरी आल्यावर मी लगेच नवी विद्या वापरली. "तुला काय शिकायचंय गं?" असं बायकोला विचारलं. बारा वर्षांत पहिल्यांदा. ती आधी घाबरली, मग बसली आणि मग दीड तास बोलत होती! मी मध्ये एकदाही भाजीची स्तुती केली नाही.

सोमवारी वर्गात मी बाह्या सरसावून दोन थर लावले. माझ्या मते उत्तम. अक्का नवी कोरी थापी घेऊन आली आणि माझ्या भिंतीसमोर उभी राहिली. मी मनात म्हटलं, पाच मिनिटं तरी बघेल.

तेवढंही लागलं नाही.

"साहेब," ती म्हणाली, "आधी घमेलं उचला."