दहा पावलांपुरता उजेड

हौसाआत्या नोटीस हातात घेत नाही. ट्रॅक्टरचं इंजिन चालू ठेवते, नोटीस आणणाऱ्याला पुढच्या दिव्यासमोर उभं करते आणि म्हणते, "वाचा मोठ्यानं. समद्यांना ऐकू जाऊ द्या." समदे म्हणजे ती, तिची म्हैस आणि मी. मी सोसायटीचा सेक्रेटरी, त्यामुळे नोटीस पोचवण्याचं काम माझ्याच गळ्यात पडतं. तिला वाचता येत नाही असं नाही, चौथीपर्यंत शाळा झालीय. पण ज्यानं लिहिलं त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय तिचं समाधान होत नाही.

भूगावच्या पुढे मुख्य रस्ता सोडून आत वळलं की आमचे तीन टॉवर दिसतात. वळणापासून आमच्या गेटपर्यंतचा रस्ता पूर्वी आत्याची भातखाचरं होती. ती बिल्डरला गेली. आता वळणावर तिचा एक तुकडा उरलाय, आणि घर नि गोठा टॉवरच्या मागे. रोज संध्याकाळी ती त्या तुकड्यातलं गवत कापते, बागेत चालवतात तसल्या छोट्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरते आणि आमच्या रस्त्यानं घरी नेते. सत्तरी ओलांडलेली बाई, नऊवारीचा काष्टा, डोक्याला मफलर. वेग असा, की आमचं गेटवरचं कुत्रं पुढे जाऊन बसतं आणि तिची वाट बघतं.

पहिली नोटीस दिव्यांची होती. 'सदर वाहनास दिवे नाहीत.' दिवे होते, पण दोन पिवळे म्हातारे बल्ब. त्यांच्यासमोर उभं राहून मला 'सदर'सुद्धा दिसेना.

"दिवं हायेत की," आत्या म्हणाली.

"आत्या, मला अक्षर दिसत नाही."

तिनं विचार केला. "मग नोटीस बरूबर हाय," ती म्हणाली.

मी पडलो मराठवाड्यातला भिडस्त माणूस. म्हटलं, नवे दिवे लावा, मग कुणाची हरकत नाही. त्यावर तिचं ठरलेलं वाक्य आलं. "तोंडी न्हाई. लिवून द्या. बिल्डरबी तोंडीच बोलला व्हता, रस्त्याला इजेचे खांब लावतो म्हनून. कुटं हायेत खांब?" खांब खरंच नव्हते. मी लिहून दिलं, सही केली, आणि अध्यक्षांनी आठवडाभर माझी खरडपट्टी काढली.

रविवारी तिनं मला गोठ्यावर बोलावलं. पौडच्या दुकानातून दोन एलईडी दिवे आणले होते. जुने बल्ब बॅटरी इतकी खायचे, की दहा मिनिटं लावले तर ट्रॅक्टर ढकलत न्यावा लागे, म्हणून ती अंधारातच चालवायची. एलईडी कमी खातो, हे तिनंच मला समजावलं. मग पाना माझ्या हातात दिला. "इंजिनेर हाय न्हवं तुमी?"

मी हिंजवडीत सॉफ्टवेअर लिहितो. पण म्हैससुद्धा बघत होती, माघार कशी घेणार? अर्धा तास खपून वायरी जोडल्या. दिवा लागेना. माल खराब आहे, असं मी ठामपणे जाहीर केलं. आत्यानं लाल आणि काळ्या वायरीची अदलाबदल केली. गोठ्याच्या भिंतीवर पांढरा लख्ख उजेड पडला.

"जुन्या बल्बाला उलटंसुलटं कायबी चालायचं," ती म्हणाली. "ह्याला उलटं चालत न्हाई. माज्यावानी हाय."

मग भिंतीवर खडूनं रेघ मारून ती दिवे वाकवत बसली. खाली, आणखी खाली. मी म्हटलं, "आत्या, एवढे खाली केले तर लांबचं दिसणार नाही."

"लांबचं बघून काय करायचंय? दहा पावलं फुडचं दिसलं की झालं."

हट्टी बाई, दुसरं काय, असं म्हणत मी घरी आलो.

दिव्यांचा प्रश्न मिटल्यावर अध्यक्षांनी वेगाचा काढला. रोज सात-साडेसातला पाच-पाच गाड्या ट्रॉलीमागे तुंबतात. ठरलं, की वळणावर फाटक बसवायचं आणि ट्रॅक्टर बंद. दुसरा रस्ता डोंगराला वळसा घालून जातो, तो चढ तिच्या ट्रॅक्टरला झेपत नाही. म्हणजे गवत बंद, म्हणजे म्हैस विकायची. हे मला कळत होतं. तरी नोटीस मीच टाइप केली.

एरवी मी नऊला घरी पोचतो. त्या गुरुवारी लवकर सुटलो आणि साडेसातला ट्रॉलीमागे अडकलो. खिशात नोटीस, समोर गवताचा ढीग, पलीकडचं काही दिसत नाही. मी हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. शेवटी डोकं फिरलं, गाडीतून उतरलो आणि ट्रॅक्टरच्या पुढे गेलो.

पुढे दहा पावलांवर, त्या पांढऱ्या उजेडात, चार बायका चालत होत्या. खांद्याला लॅपटॉपच्या बॅगा, हातात डब्याच्या पिशव्या. कंपनीची कॅब त्यांना वळणावरच सोडते. मधोमध हातवारे करत काहीतरी रंगवून सांगत होती ती माझी बायको, मीनल.

ती वळली. "हॉर्न तू वाजवत होतास?"

रस्ता अंधारा आहे, हे तिनं मला पूर्वी सांगितलं होतं. मोबाईलचा टॉर्च लावत जा, असा सल्ला मी दिला होता. मला फार लाज वाटली.

"आनली व्हय नोटीस?" आत्यानं ट्रॅक्टर थांबवला. "वाचा."

या वेळी अक्षरन् अक्षर दिसत होतं. "सदर वाहन अतिशय मंद गतीने चालविले जात असल्याने, येत्या सोमवारपासून या रस्त्यावर त्यास..." पुढचा 'बंदी' हा शब्द मी गिळला. चौघी माझ्याकडे बघत होत्या.

"खरं हाय ते," आत्या म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "मुद्दाम हळू चालीवते. ह्या पोरी दिसभराचं समदं सांगत्यात. मलाबी इचारत्यात, आत्या, जेवलीस का? गेट आलं की त्या आत जात्यात. फुडं घरी मी न् म्हस. म्हस काय बोलती व्हय?" मग तिनं मफलर घट्ट केला. "जोरात न्हाई चालिवनार. काय लिवायचं ते लिवा."

"आत्या, माझं चुकलं. ही नोटीस रद्द."

"तोंडी न्हाई."

मीनलनं पेन पुढे केलं. मी नोटीस उलटी करून ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवली आणि लिहिलं, 'सदर वाहन याच गतीने चालवावे.' खाली सही केली. आत्यानं कागद दिव्यासमोर धरून स्वतः वाचला आणि पदराच्या गाठीत बांधला. माझ्या हातून तिनं घेतलेली ही पहिलीच नोटीस. रविवारच्या मीटिंगमध्ये मला सेक्रेटरीपदावरून काढतील. काढू देत.

मी गाडीत येऊन बसलो. पुढे इंजिन धडधडलं, मीनलची गोष्ट पुन्हा सुरू झाली असावी, कारण आत्याचं मोठ्यानं हसणं ऐकू आलं. तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. आरशात पाहिलं, अध्यक्षांची गाडी होती. मी काच वर केली आणि गेटपर्यंत पहिला गिअर बदलला नाही.