सदूकाका आणि केसांची पाकिटं

आमचे शेजारी सदूकाका रोज सकाळी गच्चीवर माकडांचे केस वेचतात. ओरछा गेटच्या आमच्या गल्लीत याचा बोभाटा आहे. न्हाव्याने तर त्यांना दुकानात यायचीच बंदी केलीय. "भैयाजी, ये आदमी टोटका करता है," असं त्याने मला कानात सांगितलं.

टोटका कसला नि जादूटोणा कसला? काकांची पुतणी मेधा प्रयोगशाळेत आहे. केस वाढताना त्यात ताणाचं हार्मोन साठत जातं, त्यावरून माकडाचे मागचे महिने कसे गेले ते तिला कळतं. जनावरांच्या दवाखान्यातून रिटायर झालेले काका फळीला चिकटपट्टी लावतात, मधोमध चणे ठेवतात. माकड चणे नेतं, केस सोडून जातं. प्रत्येक माकडाचं पाकीट वेगळं, वर काकांनी ठेवलेलं नाव: मुनीमजी, ठाकूरसाहेब, वहिनी.

"बघू, केस काय म्हणतो," हे काकांचं पालुपद. मला सर्दी झाली तरी तेच.

वहिनीचं पिल्लू विजेच्या तारेला चिकटून मेलं. ते सुकलेलं पोर ती कित्येक दिवस छातीशी धरून हिंडली. एका सकाळी तिने ते काकांच्या फळीवर ठेवलं आणि निघून गेली. काकांनी ते पुरलं. पुढे तिच्या केसांचा रिपोर्ट आला, आकडा पार वर. काका गच्चीवर मांडी घालून तो तिला वाचून दाखवत होते. सगळा कळप कठड्यावर रांगेने बसला होता, आवाज नाही, चण्यांना कुणी शिवत नव्हतं. मी ओले कपडे घेऊन वर गेलो होतो, तसाच खाली आलो.

गेल्या महिन्यात काका एक बंद लिफाफा घेऊन माझ्याकडे आले. "मेधाने पाठवलाय. तू वाच."

आत काकूंचं नाव होतं. काकू जाऊन दोन वर्षं झाली. आजारपणाच्या अखेरीस कापलेली त्यांची वेणी काकांनी जपून ठेवली होती, शेवटी धीर करून ती मेधाकडे पाठवली.

"दुखतंय म्हणून एकदा बोलली नाही रे. मी शेजारी घोरत पडायचो."

आजार कळायच्या कितीतरी आधीपासून आकडा चढत गेला होता.

"नॉर्मल आहे, काका," मी म्हणालो.

"शेवटचे महिने पण?"

"ते पण."

काकांनी कागद माझ्या हातातून घेतला. असले रिपोर्ट वाचण्यात त्यांचा हात कोण धरणार, एक नजर पुरली असती. त्यांनी न बघताच त्याची घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "जरा चहा टाक."