खाटकाच्या दारातले डॉक्टर

स्नानसंध्या आटोपून, कपाळावर गंध ताजं असताना, एक ब्राह्मण भोरच्या बाजारात खाटकासमोर उभा राहायचा आणि भरल्या रस्त्यात विचारायचा, "काळीज निरोगी बोकडाचंच ना रे?"

हे आमचे तात्या, संस्थानातले गुरांचे डॉक्टर. मी त्यांचा कारकून. शेतकऱ्याच्या घरातला मी पहिला पदवीधर, आणि नोकरीला तात्यांनीच लावलेलं. त्यामुळे त्यांच्यावर हसताना थोडं अवघडल्यासारखं होतं.

गावाने त्यांना मनातल्या मनात केव्हाच वाळीत टाकलं होतं. खरं तर तात्या कांदासुद्धा खात नसत. संशयास्पद रीतीने मेलेल्या जनावराच्या काळजात सोमलाचं विष आहे का, ते तपासायचे. काळीज तेजाबात उकळायचं, त्यात तांब्याची पट्टी सोडायची. पट्टी काळी पडली की विष. शेजारच्या भांड्यात खाटकाकडचं निरोगी काळीज तसंच उकळायचं. त्याची पट्टी लख्ख राहिली तरच तपासणी खरी. या काळजाला ते 'साक्षीदार' म्हणत. "साक्षीदाराशिवाय निकाल नाही!" हे आम्ही दिवसातून चारदा ऐकायचो.

एकदा उत्रोलीला पाटलांचा बैल मेला. मेलेलं जनावर ओढायचं काम ज्याच्या गळ्यात, संशयही त्याच्याच गळ्यात, हा आमच्याकडचा जुना न्याय. महारवाड्यातल्या भिवाला चावडीत बसवलं. फौजदार दवाखान्यात आले.

"तात्या, नुसतं 'विष' लिहा. बाकीचं मी भिवाकडून वदवतो."

भांडी उकळली. बैलाची पट्टी काळी! फौजदारांनी मिशीला पीळ दिला. तात्यांनी साक्षीदाराची पट्टी बाहेर काढली. तीही काळी.

"म्हणजे बोकडालाही भिवानंच घातलं!"

"त्याच बोकडाचं मटण सकाळी तुमच्या घरी गेलंय," तात्या म्हणाले. "बसा, नाडी बघतो."

दोष तेजाबात होता. त्यातच सोमल मिसळलेला. पुण्याहून नवी बाटली आणली, दोन्ही पट्ट्या लख्ख राहिल्या, भिवा सुटला. मी पेढे आणायला निघालो, तर तात्या जुनी नोंदवही उघडून बसलेले.

"ती जुनी बाटली वेल्ह्याच्या म्हादूच्या वेळी फोडली, त्यानंतर थेट भिवाच्याच वेळी काढली. त्या दिवशी एकादशी, खाटीक बंद. मी साक्षीदार उकळलाच नव्हता."

म्हादू गुराखी होता. विषाच्या त्या निकालावरून झालेली शिक्षा भोगून घरी आला होता, पण गावातलं एक वासरूही कुणी त्याच्या हाती देत नव्हतं.

"तात्या, आपल्याला कुणी विचारलंय का?"

"नाही. म्हणून तर आपणच लिहायचं."

दरबाराकडे स्वतःविरुद्धचा अर्ज त्यांनी माझ्याकडून लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी आम्ही वेल्ह्याला गेलो.

म्हादूच्या अंगणात तात्या पुटपुटले, "तू विष घातलं नव्हतंस. चूक माझी."

म्हादूची बायको पुढे आली.

"हे आमाला ठावंच हाय, डाक्टर. हितं सांगून काय व्हतंय? चावडीम्होरं चला."

तात्या गेले. माणसं जमली. त्यांनी तेच शब्द पुन्हा सांगितले. माणसं खाली बघू लागली.

"आजून एकदा सांगा," ती म्हणाली. "वरच्या आळीला ऐकू गेलं न्हाई."

तात्यांनी डोक्यावरची टोपी काढली, वरच्या आळीकडे तोंड केलं आणि छातीत मावेल तेवढा श्वास घेतला.