चकलीचं वजन

चकलीला डॉक्टरच्या काट्यावर चढवायला घरातली तिन्ही माणसं लागली. मयुरेशनं पुढचे पाय धरले, देवश्रीनं मागून ढकललं आणि शशिधररावांनी "चल गं बाई, फाशी नाही देत आहोत तुला," असा तोंडी आधार दिला. काट्यावरचा आकडा स्थिर झाला तेव्हा प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत घालून पाहिला. आकडा तोच होता.

"हिला कुणीतरी खायला घालतंय," बाई जर्मनमध्ये म्हणाल्या. वाईट बातमी कागदात गुंडाळून द्यायची पद्धत त्या देशात नाही. "असंच चाललं तर हिचे गुडघे जातील. मग हिचं फिरणंच बंद."

"मी नाही," तिघंही एकदम म्हणाली. शशिधररावांना जर्मन येत नव्हतं, पण बाईंच्या चेहऱ्यावरून त्यांना नेमकं कळलं होतं.

चकली म्हणजे बीगल आणि आणखी कशाकशाचं मिश्रण. शेपटीला वेढे होते, म्हणून नाव चकली. पुण्यात शशिधररावांच्या पत्नी ऊर्मिलाबाई गेल्या आणि मुलगा मयुरेश व सून देवश्री त्यांना जर्मनीत, बाड हॉम्बुर्गला, आपल्याकडे घेऊन आले. वीज मंडळात हयात घालवलेला हा माणूस इथं आल्यावर दिवसभर खिडकीत बसून समोरच्या पार्किंगमधल्या गाड्या बघायचा. "बाबांना सोबत हवी," म्हणून मयुरेशनं अनाथ प्राण्यांच्या संस्थेतून ही कुत्री आणली, तेव्हा बाबांनी जाहीर केलं होतं, "घरात कुत्रं? मी परत जातो पुण्याला." आता दुपारचा चहा झाला रे झाला की तेच पट्टा घेऊन दारात उभे. आधी कोण तयार होतं, ते की चकली, हे सांगणं कठीण होतं.

बाकी घर तसं शांत होतं. जरा जास्तच शांत. ऊर्मिलाबाईंचं नाव तिथं कुणी काढायचं नाही. बाबांना त्रास नको म्हणून मुलगा आणि सून गप्प, पोरांना त्रास नको म्हणून बाबा गप्प. मग बोलायला उरलं काय? हवा, कचऱ्याचे डबे आणि चकलीचं पोट. कुठला कचरा कुठल्या डब्यात, हा विषय जर्मनीत बराच पुरतो, पण त्यालाही काही मर्यादा आहेत.

घरी येताना गाडीत देवश्रीनं निकाल दिला. ती औषधांच्या एका कारखान्यात दर्जा तपासायचं काम करायची, त्यामुळे दोष सापडेपर्यंत तिला चैन पडत नसे.

"आल्झो," ती म्हणाली. 'तर मग' अशा अर्थाचा हा जर्मन शब्द देवश्रीच्या तोंडून आला की घरातल्यांनी सावध व्हावं. "जो कोणी हिला खायला घालतोय, त्याचं हिला फिरवणं बंद. मग तो कोणीही असो."

मागच्या सीटवर शशिधररावांनी चकलीला जवळ ओढलं. त्या संध्याकाळच्या फेरीपलीकडे त्यांचं या देशात स्वतःचं असं काहीच नव्हतं. आणि त्या फेरीत आपण कुठं जातो, हे त्यांनी घरात सांगितलेलं नव्हतं.

"मी हिला हातानं एक घास दिलेला नाही," ते म्हणाले.

"मीही नाही," मयुरेश म्हणाला.

"मी तर नाहीच नाही," देवश्री म्हणाली.

गंमत म्हणजे तिघंही खरं बोलत होती.

रविवारी फर्मान निघालं: तिघांनी मिळून चकलीला टाउनुसच्या जंगलातून लांबवर फिरवून आणायचं. "म्हणजे कोणी कोणाच्या नजरेआड नको," देवश्री म्हणाली. दारातच सगळ्यांची झडती झाली. शशिधररावांच्या खिशात बडीशेपेची डबी निघाली, ती जप्त झाली.

"अगं, ती माझी आहे."

"असू दे बाबा. परत आल्यावर मिळेल."

जंगलात एका ठिकाणी वाट फुटते. डावीकडे झाडंच झाडं. उजवीकडची पायवाट उतरून एका खेड्याकडे जाते, आणि खेड्याच्या तोंडाशी लिंडेनच्या मोठ्या झाडाखाली एक गास्टहाउस आहे. गरम जेवण, बिअर, बाहेर बाकं आणि दारावर कुत्र्याचं चित्र. अशा ठिकाणी कुत्र्याला पाण्याचा वाडगा आधी येतो आणि माणसाला मेन्यू नंतर.

"उजवीकडे नको," मयुरेश म्हणाला. "तिकडे चिखल असतो."

"छे, अजिबात नको," शशिधरराव म्हणाले. "उतार आहे. माझा गुडघा."

"आणि बघण्यासारखं आहे काय तिकडे?" देवश्री म्हणाली.

त्या घरात पोह्यांत बटाटा घालायचा की नाही, यावरही तिघांचं कधी एकमत झालं नव्हतं. इथं ते एका क्षणात झालं आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

चकलीचं मत मात्र निराळं होतं. ती फाट्यावर फतकल मारून बसली. देवश्रीनं डावीकडे ओढलं. चकलीनं मान खाली घातली, दोन पावलं मागे घेतली, आणि पट्टा सुळकन निघून देवश्रीच्या हातात आला. मग जिला काट्यावर चढवायला तीन माणसं लागली होती, ती बया उजवीकडच्या उतारावरून अशी सुटली की शेपटीचे वेढेसुद्धा उलगडले.

"चकली! ए चकले!"

समोरून एक सायकलवाले आजोबा येत होते. "कुत्र्याला पट्टा लावा!" ते रागानं ओरडले.

"पट्टा आहे हो!" मयुरेश धावता धावता जर्मनमध्ये ओरडला. "कुत्री नाहीये!"

सगळ्यांत पुढे शशिधरराव होते. गुडघ्याची त्यांना आठवणच राहिली नव्हती.

तिघं धापा टाकत पोहोचली तेव्हा चकली बाहेरच्या दहा टेबलांतलं बरोबर कोपऱ्यातलं टेबल निवडून त्याच्याखाली पसरली होती. गास्टहाउसच्या मालकीणबाई, फ्राउ केलर, पाण्याचा वाडगा घेऊन बाहेर आल्या. गोल चेहरा, निळा एप्रन. त्यांनी माणसांकडे पाहिलंच नाही. "अगं माझी शाक्ली!" म्हणत त्या चकलीच्या कानांमागे खाजवायला लागल्या.

मग देवश्रीनं कंबर कसली आणि नवऱ्याकडे मोर्चा वळवला.

"या बाईला चकलीचं नाव कसं माहीत?"

"पट्ट्यावर लिहिलंय ना," मयुरेश म्हणाला.

"पट्टा माझ्या हातात आहे, मयुरेश."

मयुरेशनं बाबांकडे पाहिलं. बाबा लिंडेनची पानं निरखत होते, जणू त्यांना त्या झाडाला वीज जोडून द्यायची होती.

"आपण निघू या का?" देवश्रीच घाईनं म्हणाली. आता खरं तर तपास तिचा, संशयित समोर, आणि निघायची घाई हिलाच का, हा प्रश्न मयुरेशला पडायला हवा होता. पण तो म्हणाला, "हो हो, निघूच या." बाबा तर वळलेसुद्धा होते. पण तोवर फ्राउ केलर आत जाऊन ट्रे घेऊन परत आल्या होत्या.

ट्रेमध्ये सूपच्या तीन खोलगट थाळ्या. मसुराचं घट्ट सूप, म्हणजे आपली आमटीच, फक्त फोडणी नसलेली. कुणीही ऑर्डर दिलेली नव्हती.

"वुर्स्ट न घालता, नेहमीप्रमाणे," म्हणत त्यांनी एक थाळी शशिधररावांपुढे ठेवली. "नेहमीप्रमाणे," म्हणत दुसरी मयुरेशपुढे. "नेहमीप्रमाणे," म्हणत तिसरी देवश्रीपुढे. मग सूपमधून वगळलेल्या तीन जाडजूड वुर्स्टचे, म्हणजे तिथल्या सॉसेजचे, तुकडे केलेली बशी त्यांनी टेबलाखाली सरकवली. "आणि आज तुला तिघांचे एकदम!"

टेबलाखालून चपचप आवाज यायला लागला.

"नेहमीप्रमाणे?" देवश्रीनं मयुरेशला विचारलं.

"तुझ्यापुढे पण ठेवली तिनं थाळी," मयुरेश म्हणाला.

"मी आपली गुरुवारी... घरून काम असतं तेव्हा... पाय मोकळे करायला..." देवश्रीचं वाक्य पाय मोकळे करून कुठंतरी निघूनच गेलं.

"अगं, पण मी हिला एक घास दिलेला नाही!" शशिधरराव कळवळून म्हणाले. "मी फक्त हातानं खुणा करून सांगितलं, ते सॉसेज मला नको. ती बाई ते कुठं ठेवते, ते मी खाली वाकून बघितलं नाही, एवढाच माझा गुन्हा. माझं फिरणं बंद करू नकोस, बाळा. ऊर्मिलेची शपथ घेऊन सांगतो!"

नाव तोंडातून निघून गेलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं. मयुरेश सूपकडे बघायला लागला. देवश्री हातातला पट्टा उगाचच लावत आणि काढत बसली.

"हो, हो, ऊर्मिला!" फ्राउ केलर आनंदानं म्हणाल्या. इतक्या बोलण्यातला तो एकच शब्द त्यांना कळला होता. हात पुसून त्या चौथ्या खुर्चीवर बसल्या. "आधी हे आजोबा यायला लागले. कुत्रीशी तासभर बोलायचे. मला फक्त ऊर्मिला, ऊर्मिला एवढं कळायचं. मी काही विचारलं की 'हो' आणि 'अगदी बरोबर' एवढंच म्हणायचे. मग एकदा हा मुलगा आला, ऑफिस सुटल्यावर, त्याच कुत्रीला घेऊन. त्यानं सांगितलं, ऊर्मिला माझी आई. मग ही आली. ऊर्मिला माझी सासू, म्हणाली. आणि आता रविवारी..."

देवश्री बाबांसाठी भाषांतर करत होती. इथं येऊन ती थांबली.

"आणि आता रविवारी आईचा पुण्याहून फोन येत नाही," मयुरेशनं वाक्य पुरं केलं.

"तुम्ही आम्हाला सांगितलं का नाहीत?" देवश्रीनं डोळे पुसत फ्राउ केलरना विचारलं.

"माझ्या टेबलावर बोललेलं टेबलावरच राहतं," बाई म्हणाल्या. "नाहीतर गास्टहाउस चालेल कसं? आता थंड व्हायच्या आत खा."

तिघांनी निमूटपणे चमचा तोंडात घातला, आणि तिघांच्याही तोंडून एकदमच निघालं, "जरा गूळ हवा होता."

'गूळ' ऐकताच फ्राउ केलरनी एप्रनच्या खिशातून एक छोटी बरणी काढून टेबलाच्या मध्यभागी ठेवली. "बघा! तिघंही पहिला चमचा घेतला की हेच म्हणता. उसाचं काळं गोड माझ्याकडे नाही. हा बीटाचा पाक आहे." तो थेट काकवीसारखा दिसत होता.

देवश्रीला रडता रडता हसू फुटलं. "आईंचं हेच! दर रविवारी विचारायच्या, काय केलंस आज? मी काहीही सांगू दे. भेंडी म्हटलं तरी, त्यात जरा गूळ घाल. एकदा मी चिडून म्हटलं, पास्ता केलाय आई. तर म्हणाल्या, मग थोडाच घाल!"

"मलाही तेच," मयुरेश म्हणाला. "इतका गूळ कसा काय आवडायचा आईला?"

शशिधररावांनी चमचा खाली ठेवला.

"तिला? तिला गूळ मुळीच आवडत नसे."

"काय?"

"अरे, जन्मात कधी आमटीत गूळ घातला नाही तिनं. गुळाचा खडा मीच नंतर चोरून खायचो." ते बरणीकडे बघत राहिले. "तुम्ही लोक कामाच्या गडबडीत. काय केलंस, तर भेंडी. बरं, ठेवू? संपला फोन. मग तिनं ही युक्ती काढली. गूळ घाल म्हटलं की देवश्री विचारायची, किती? मग ऊर्मिला सांगायची, लिंबाएवढा. मग ही म्हणायची, इथं मिळतच नाही. मग कुठं मिळेल, पुढच्या वेळी कोण येतंय, त्याच्याबरोबर पाठवू का... पाच-दहा मिनिटं सहज निघायची. फोन ठेवला की मला टाळी द्यायची."

मग मयुरेशनं बरणी उघडून बाबांच्या थाळीत पाक ओतला.

"किती?" त्यानं विचारलं.

"लिंबाएवढा," बाबा म्हणाले.

आणि मग बांध फुटला. ऊर्मिलाबाई कॅरममध्ये कोपरानं सोंगटी सरकवायच्या, ते निघालं. त्यांनी मयुरेशच्या लग्नात भटजींच्या मंत्रातली चूक काढली होती, ते निघालं. बाबा सांगत होते, देवश्री मध्येच "नाही नाही, असं नव्हतं," म्हणत होती, मयुरेश हसून हसून टेबलावर हात आपटत होता. फ्राउ केलरना ओ की ठो कळत नव्हतं, तरी त्या सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसत होत्या.

"पण शिक्षेचं काय?" शेवटी शशिधररावांनी भीत भीत विचारलं. "खायला घालणाऱ्याचं फिरवणं बंद म्हणालीस तू."

"नियम म्हणजे नियम, बाबा," देवश्री म्हणाली. "आपण तिघंही बाद. आता एकट्यानं हिला कुणीच फिरवायचं नाही. तिघांनी मिळूनच यायचं."

शशिधररावांनी मान खाली घालून शिक्षा मान्य केली. हसू लपवायला त्यांना दुसरा उपाय नव्हता. देवश्रीनं फ्राउ केलरना बजावलं, यापुढे वुर्स्ट बंद. थाळीतही नको आणि टेबलाखालीही नको. बाईंनी जड मनानं होकार दिला आणि रिकामी बशी उचलून नेली.

चकलीनं बशी गेलेली पाहिली. मग ती शशिधररावांच्या पायाशी आली आणि मान वाकडी करून वर बघायला लागली. पण ते कॅरमबद्दल सांगत होते. ती मयुरेशकडे गेली. तो हसत होता. देवश्रीच्या मांडीवर तिनं पंजा ठेवला, तर देवश्रीनं न बघताच तो खाली ठेवला. आता इथं कुणालाच तिच्याशी काही बोलायचं नव्हतं.

पलीकडच्या टेबलावर एक गृहस्थ एकटेच बसले होते. समोर बिअरचा ग्लास आणि वुर्स्टची न शिवलेली बशी. चकलीनं त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग आळस झटकला, शेपटीची पुन्हा नीट चकली केली, आणि त्यांच्या पायाशी जाऊन बसली.

गृहस्थांनी खाली पाहिलं. इकडे तिकडे पाहिलं. मग खुर्ची थोडी पुढे ओढून ते तिच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलायला लागले.